गेंडा घरी बोलत नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

धाकट्याला आज बालवाडीनं नापास केलं. साडेतीन वर्षांचा माणूस नापास होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. आमच्या वेळी त्यासाठी निदान चौथीपर्यंत थांबावं लागायचं.

बालवाडीच्या बाई गोड होत्या. त्यांनी सफरचंदाचं चित्र दाखवून विचारलं, "हे काय?" तो हसला. चेंडू दाखवला. तो पुन्हा हसला. शेवटी "तुझं नाव काय, बाळा?" म्हटल्यावर त्यानं मोठ्या बहिणीकडे बोट दाखवलं, कारण त्याच्या वतीनं सगळी उत्तरं तीच देते. ती सात वर्षांची आहे आणि घरात तिला वकीलबाई म्हणतात. वकीलबाईंनी उभं राहून भावाचं नाव, वय आणि आवडता रंग सांगितला, वर "त्याला सगळं कळतं, तो फक्त बोलत नाही" असं निवेदनही सादर केलं.

बाई म्हणाल्या, "हुशार आहे हो. कानही तपासलेत म्हणता. पण एक शब्द नाही. नवा वर्ग जूनमध्ये सुरू होतो. तोवर बोलायला लागला तर आणा. नाहीतर त्याला वेगळी शाळा लागेल का, ते बघावं लागेल."

"वेगळी शाळा" ऐकल्यावर बायकोनं माझा हात असा दाबला की माझीच वाचा फुटायची. पण मी तोंड उघडलं नाही. मी घराबाहेर फारसा बोलत नाही आणि घरात तर अजिबात नाही.

त्याचं कारण असं की मी आवाजावर पोट भरतो. बाहेरून आलेल्या एका कार्टूनमधल्या गेंड्याला आपल्या भाषेत बोलतं करणं हे माझं काम. गेंडामामा टपालवाले दारोदार पत्रं वाटतात, प्रत्येक दारात अडकतात आणि ओरडतात, "बाजूला व्हा, मामांचं पोट आधी येतंय!" हे ओरडणं आणि त्यामागचं गुरगुरतं हसू घशाच्या अशा कोपऱ्यातून काढावं लागतं, जो देवानं बोलण्यासाठी दिलेलाच नाही. दीड वर्षापूर्वी तिथं गाठी आल्या. घशाचे डॉक्टर म्हणाले, "रोज थोडाच वेळ आवाज वापरा. तो कुठं खर्च करायचा ते तुम्ही ठरवा." मी ठरवलं. सगळा स्टुडिओत. घरी खुणा. टेबलावर एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, टाळी म्हणजे जेवायला चला, कान धरला म्हणजे कलकलाट थांबवा. बायको दातांची डॉक्टर आहे. लोकांना आ करायला लावून गप्प बसवणं हाच तिचा धंदा, त्यामुळे गप्प नवऱ्याचं तिला फारसं दुःख झालेलं दिसत नाही.

पण माणसाला दिवसभरात चार टोमणे तरी मारता आले पाहिजेत. ते इथं मारणार आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. खोलीत सगळ्या खुर्च्या बोटभर. मी एकीत बसलो आणि उठलो तेव्हा ती माझ्याबरोबर उठली. धाकटा पोट धरून हसला. हसताना आवाज येतो त्याचा, छान येतो.

बायकोला दवाखान्यातून फोन आला म्हणून ती बाहेर गेली आणि मी एकटा सापडलो. मी मोबाइलवर टाइप करून दाखवलं, "घसा बसलाय." त्यात खोटं काही नव्हतं. बाई म्हणाल्या, "काळजी घ्या, सध्या हवाच तशी आहे."

मग त्यांनी चित्रं काढली. मांजर, घर, गाडी यांच्याकडे धाकट्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. गेंड्याचं चित्र येताच टुणकन उठला, चित्र हिसकावून घेतलं आणि माझ्या छातीवर आणून ठेवलं. बाईंना हसू आवरेना. मी पोट आत घेतलं. पोट माझं ऐकत नाही, पण प्रयत्न केला. स्वतःच्या मुलानं परक्या बाईसमोर बापाला गेंडा म्हणावं याला काय म्हणायचं?

"घरात कोणी खुणांनी बोलतं का?" बाईंनी विचारलं. "मुलं तेच उचलतात, म्हणून विचारलं."

आमच्या दोन्ही घराण्यांत कोणी मुकं-बहिरं नाही. मी ठामपणे मान हलवली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

टीव्ही किती बघतो, या प्रश्नाला मात्र मला मान हलवता येईना. तेवढ्यात बायको आली आणि तिनं सगळं खरं सांगून टाकलं. सकाळी गेंडा, दुपारी तोच गेंडा पुन्हा, संध्याकाळी सासूबाईंच्या मालिका. बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "सध्या टीव्ही पूर्ण बंद. तोंडासमोर बसून त्याच्याशी बोला. भरपूर बोला."

गाडीत बायको म्हणाली, "सकाळी घरी तूच असतोस. टीव्हीची जबाबदारी तुझी."

मी टीव्हीवर जगतो. आता मीच टीव्ही बंद करायचा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात तसं झालं. शिवाय माझा सर्वांत निष्ठावान प्रेक्षक घरातच बसलेला, त्यालाच हुसकायचं. मी डॅशबोर्डवर एकदा टकटक केली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बंदीचा पहिला दिवस. रिमोट पिठाच्या डब्यात पुरला. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, डबा हलवल्यावर खडखडतोय. पिठात काय विटा टाकल्यात?" रिमोट झटकून त्यांनी मालिका लावली. त्यातल्या सुनेला आज विष देणार होते, म्हणून त्यांना थांबता येत नव्हतं.

मी कान धरला. त्या म्हणाल्या, "माझा धरा एकदा, म्हणजे समाधान होईल तुमचं."

मग वकीलबाई उठल्या. "बाबा, बंदी बाळाच्या टीव्हीवर आहे की टीव्हीवर? बाळ झोपलं असेल तर टीव्ही चालेल ना? आणि आवाज बंद करून बघितला तर तो टीव्ही आहे की फक्त चित्र आहे?"

प्रत्येक मुद्द्यावर माझ्याकडे बिनतोड उत्तर होतं. मी टेबलावर दोनदा टकटक केली. हे न्यायालय फार कमकुवत आहे हे तिला कळून चुकलंय.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज धाकट्यानं कमाल केली. बायको त्याला अंघोळ घालत होती. बाहेर सासूबाईंची मालिका चोरून चालू. मधल्या जाहिरातींत गेंडामामांची नवी जाहिरात लागली, "बाजूला व्हा..." आणि धाकटा बाथरूममधून साबणासकट सुटला. मागे बायको, तिच्या हातात तांब्या. हा भिजलेल्या माशासारखा निसटून टीव्हीपाशी पोचला.

मी नीट बघितलं. तो टीव्हीच्या समोर बसत नाही. बाजूला, भिंतीच्या फटीत बसतो, जिथून चित्र दिसतच नाही, आणि टीव्हीच्या कडेला जिथं आवाजाची भोकं आहेत तिथं कान लावतो. डोळे मिटलेले. जाहिरात संपली, सून विष पिऊ लागली, तसा उठून मुकाट्यानं परत अंघोळीला गेला. टीव्हीच्या कडेला साबणाचा छोटासा कान उमटला होता.

सासूबाई म्हणाल्या, "हा असाच बसतो. गेंडा गेला की उठतो. बाकी कशाला शिवत नाही." बायकोचं म्हणणं, कान पुन्हा तपासून घेऊ. माझा अंदाज वेगळा आहे. पोरगा पुढे टीव्ही दुरुस्त करणार. आतापासूनच यंत्राची नाडी बघतोय.

पुसायला गेलो तेव्हा तो साबणाचा कान आधीच वाळला होता.

रविवार, १६ फेब्रुवारी

आता बंदी कडक. टीव्हीवर चादर टाकली आहे. घरात कोणीतरी गेल्यासारखं वाटतं. सासूबाई जाता-येता त्या चादरीकडे बघून सुस्कारा सोडतात. मालिका बघायला त्या शेजारी जातात आणि परत येऊन सुनेची तब्येत सांगतात. ती वाचली.

बायको रोज दवाखान्यातून आली की धाकट्याला समोर बसवते. "हा चमचा. म्हण, चमचा." तो तिच्या ओठांकडे बघतो, हसतो, चमचा हातात घेतो आणि टेबलावर एकदा आपटतो. म्हणजे हो, हा चमचा आहे. कबूल. पुढं?

दुपारी तो दिसेना. सगळं घर शोधलं. चादरीखालून पाय बाहेर आलेले दिसले. आत टीव्ही बंद होता. वायरसुद्धा काढलेली. हा बंद टीव्हीला कान लावून बसला होता. मी बाहेर ओढला तर ओरडला नाही, हट्ट केला नाही. मला वाटलं होतं तमाशा करेल. त्यानं मला चादर धरून आत यायची खूण केली. मी गेलो नाही. स्टुडिओला उशीर होत होता.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पिठाच्या डब्यातून रिमोट आता धाकट्यानंही शोधला. आजीचा नातू. मला वाटलं टीव्हीकडे जाईल. तो माझ्याकडे आला. मी नव्या भागांचे संवाद चाळत आरामखुर्चीत पडलो होतो. त्यानं रिमोट माझ्यावर रोखला आणि बटण दाबलं. दुसरं दाबलं. मग जवळ येऊन माझ्या गळ्याला रिमोट टेकवला आणि सगळी बटणं एकामागून एक दाबत सुटला.

मी नट माणूस. खेळात लगेच सामील झालो. मान टाकली, डोळे मिटले, जीभ बाहेर काढली. बंद पडलो.

धाकटा असा रडला की सासूबाई शेजारच्या घरातून मालिका सोडून धावत आल्या. कितीतरी वेळ थांबेना. मी त्याला खांद्यावर घेऊन घरभर फिरलो, गाडी झालो, घोडा झालो, बिनआवाजाचा घोडा. शेवटी हुंदके देत झोपला. बायकोला मी टाइप करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "टीव्ही सुटल्यामुळे होतंय. बाई म्हणाल्याच होत्या, सुरुवातीला त्रास होईल."

बरोबर आहे. दारू सुटताना माणसं असंच करतात म्हणे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

माझाच घसा गेला.

गेंडामामांच्या नव्या पर्वाचं रेकॉर्डिंग. पहिल्याच भागात गेंडा विहिरीत पडतो आणि आतून हसतो. दिग्दर्शक काचेपलीकडून माइकवर सांगत होता, "मामा, पोटातून येऊ दे! विहीर आहे, घुमलं पाहिजे!" स्टुडिओत मला सगळे मामाच म्हणतात. मी पोटातून काढलं. घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि पुढचं वाक्य आलंच नाही. तोंड हललं, पडद्यावर गेंडा बोलत राहिला, हेडफोनमध्ये नुसती हवा.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि हातमोजे काढले. "आता महिनाभर काहीही नाही. काम नाही, कुजबुज नाही. नाहीतर ऑपरेशन करावं लागेल, आणि मग आवाज परत कसा येईल ते मी सांगू शकत नाही."

नवं पर्व थांबवता येत नाही. गेंड्यासाठी दुसरा आवाज घेणार. कोण, तर आमच्याकडे आजवर गर्दी करणारा एक जण. म्हणजे बाजारातला गलबला, "पकडा पकडा", "आग लागली" आणि क्वचित एखादं बोलणारं झाड. त्याला आम्ही गर्दीवाला म्हणतो. तो घरी आला, पाया पडायला वाकला आणि म्हणाला, "मामा, ते हसू कुठून काढता तेवढं सांगा."

मी गळ्याखाली बोट ठेवून दाखवलं. मनात आलं की मुद्दाम चुकीच्या जागी ठेवावं. आणि अर्धा इंच वर ठेवलंही.

सोमवार, ३ मार्च

बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे बायको एकटीच धाकट्याला घेऊन गेली. आली ती सरळ स्वयंपाकघरात. पाणी प्यायली, भांडं घासायला घेतलं, जे आधीच घासलेलं होतं.

"काही फरक नाही म्हणाल्या. आधी निदान हसायचा, आता तेही कमी झालंय. जूनपर्यंत..." भांडं घासत राहिली. तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि ते नळाचं नव्हतं.

तिला काय सांगावं? सांगायला तरी कसं? मी मागं जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. एकदा टकटक केली, पाठीवर. हो. सगळं नीट होईल, या अर्थी. ती वळून म्हणाली, "'हो' काय? कशाला 'हो'?" खुणांची ही भाषा फार लंगडी आहे.

धाकटा खरंच बदललाय. गाडी फिरवत नाही. घास तोंडात धरून ठेवतो. भिंतीच्या फटीत, टीव्हीच्या बाजूला बसून असतो. टीव्हीवर चादर, याच्या मांडीवर रिमोट. वकीलबाईसुद्धा हल्ली वाद घालत नाहीत. आज तिनं स्वतःहून त्याला आपला रंगांचा डबा देऊन टाकला, तोही अट न घालता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

रविवार, ९ मार्च

हे नीट लिहायचं आहे.

आज सकाळी गेंडामामांचं नवं पर्व सुरू होणार होतं. बंदी मोडायला मीच पुढं झालो. मुलासाठी वगैरे काही नाही. मला गर्दीवाल्याची फजिती ऐकायची होती. चादर ओढली, वायर लावली. बायको म्हणाली, "तू? तूच?" मी टाइप केलं, "व्यावसायिक कारण." सासूबाई क्षणात खुर्चीत. वकीलबाई जमिनीवर.

धाकटा आतल्या खोलीत होता. पावलांचा आवाज ऐकला, वळून पाहतो तर तो फटीत जाऊन बसलाही होता. कान लावला, डोळे मिटले. किती दिवसांनी तो हसताना दिसला. बायकोनं टीव्ही बंद करायला उचललेला हात खाली घेतला.

गाणं संपलं. गेंडा दारात अडकला. "बाजूला व्हा, मामांचं पोट आधी येतंय!"

वाईट नव्हतं. हे लिहिताना त्रास होतो, पण गर्दीवाला वाईट नव्हता. हसू जरा वरून येत होतं, त्याला जबाबदार मी.

धाकट्याचं हसू तसंच राहिलं, पण चुकीच्या घरात शिरलेल्या माणसासारखं. त्यानं कान काढला. पुन्हा लावला. दुसरा कान लावला. मग समोर येऊन पडद्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, इतक्या दिवसांत. गेंडा तोच होता. मग तो टीव्हीच्या मागं गेला. वायरींमध्ये शिरून कोपऱ्यात शोधत राहिला. बाहेर आला तेव्हा केसांना जळमटं होती. आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि बोलला.

"बाबा नाही."

सासूबाईंच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

"बाबा नाही," तो पुन्हा म्हणाला. "बाबा कुठं?" आवाज घोगरा, खोल, पोटातून काढलेला. साडेतीन वर्षांच्या पोराच्या तोंडून माझा गेंडा बोलत होता.

वकीलबाई म्हणाली, "अरे, बाबा हे काय इथं बसलेत."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, आणि माझ्या खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक केली. नाही.

मला सगळं एकदम कळलं, असं लिहिलं तर ती शुद्ध थाप होईल. मला काहीच कळलं नव्हतं. बायकोला कळलं. ती खाली बसली, जमिनीवरच, आणि म्हणाली, "तुला ऐकायला बसायचा रे तो तिथं. इतके दिवस. तू तिथंच बोलतोस ना, म्हणून."

तोवर धाकट्यानं जाऊन टीव्हीचं बटण दाबलं होतं. स्वतःहून बंद केला. मग येऊन माझ्या मांडीवर चढला आणि माझ्या गळ्यावर तळहात ठेवला. रिमोट नव्हता, नुसता हात. मला रडू आलं. घशाच्या डॉक्टरांनी रडण्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.

"मी इथं आहे," मी म्हणालो.

तो आवाज कोणाचाच नव्हता. गंजलेली कडी सरकावी तसा. गळा थरथरला म्हणून त्यानं दचकून हात मागं घेतला, आणि लगेच परत ठेवला, जास्त दाबून.

"अजून."

आता पंचाईत बघा. वीस एक वर्षं लोकांनी लिहिलेली वाक्यं बोलणारा माणूस मी. स्वतःचं काय बोलायचं? समोर दिसेल ते सांगत सुटलो. "हा पंखा. ही खिडकी. ही तुझी आई, लोकांचे दात उपटते आणि घरी येऊन रडते. ही तुझी आजी, हिच्यापासून पिठातसुद्धा काही लपत नाही..."

"जावईबापू!" सासूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "बोलायला लागलात आणि पहिला नंबर माझाच का?"

"आई, बाबांना बोलायला बंदी आहे ना?" वकीलबाईंनी कायदा काढला. "डॉक्टरांनी महिनाभर सांगितलंय. अजून महिना झाला नाही."

"बोलू दे त्याला," बायको म्हणाली. "डॉक्टरांचं मी बघते."

"अजून," धाकटा म्हणाला.

शुक्रवार, १४ मार्च

घशाचे डॉक्टर फार रागावले. नळी आत घालून रागावले, म्हणजे मला उत्तरही देता येईना. गाठी वाढलेल्या नाहीत, पण कमीही नाहीत. "पुन्हा तेच सांगतो. रोज थोडंसं. गेंडा करायचा असेल तर आत्तापासून पूर्ण गप्प बसा, मग जमेल कदाचित. घरी बोलायचं असेल तर गेंडा विसरा. दोन्ही होणार नाही."

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनाही जाऊन सगळं सांगितलं, तोंडानं. त्यांनी त्यांचा कागद काढून मला माझंच 'नाही' दाखवलं. "मी विचारलं होतं तुम्हाला!" मी म्हणालो, आमच्या घराण्यात कोणी मुकं नाही. त्यांनी त्या 'नाही'वर काट मारली. मग म्हणाल्या, "खुणा आजपासून बंद. तुमच्या. टीव्हीचं नंतर बघू."

दुपारी दिग्दर्शकाचा फोन. "मामा, गर्दीवाल्याचं हसू जमत नाहीये. चॅनेलवाले कुरकुरतायत. महिनाअखेर येशील ना? गेंडा तुझाच आहे."

गेंडा माझाच आहे, हे खरं. त्याचं चालणं, धापा टाकणं, पत्र उघडताना नाक फेंदारणं, हे मूळ कार्टूनमध्ये इतकं नव्हतंच, मी घातलं ते. बाजारात मुलं माझ्यामागं "पोट आधी येतंय" म्हणत धावायची तेव्हा मला राजा झाल्यासारखं वाटायचं. ते सगळं डोळ्यांसमोर आलं आणि फार वाईट वाटलं. धाकटा तेव्हा माझ्या पायाशी गाडी फिरवत होता आणि गाडीला काहीतरी सांगत होता. काय ते कळलं नाही, पण सांगत होता.

मी म्हणालो, "नाही जमणार. त्याला सांग, हसू मी दाखवलं त्याहून खालून काढायचं. मी मुद्दाम वर दाखवलं होतं."

तो म्हणाला, "हलकट आहेस." मग म्हणाला, "संवाद लिहिशील का? ओठांना बसतील असे? लिहायला आवाज लागत नाही." विचार करून सांगतो म्हटलं. बायको म्हणते, विचार कसला करायचाय त्यात.

शनिवार, २२ मार्च

बालवाडीचं अजून काही नक्की नाही. बाई म्हणाल्या, मेमध्ये एकदा आणून दाखवा. धाकट्याकडे सध्या मोजकेच शब्द आहेत आणि तो ते पोत्यानं वापरतो. सासूबाईंना 'आजी' म्हणाला, त्या दिवसभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत हिंडल्या. मालिकेतल्या सुनेचं काय झालं हे त्या विसरल्या. आवाज अजून घोगराच आहे. वाण्याच्या दुकानात त्यानं "बिस्किट" म्हटलं तेव्हा वाण्यानं काउंटरवरून वाकून बघितलं, की हा मोठा माणूस कुठं दडलाय.

आज सकाळी मी संवाद लिहीत बसलो होतो. धाकटा आला, टीव्हीसमोर उभा राहिला. फटीत नाही, बरोबर समोर, सगळ्या जगातली मुलं उभी राहतात तसा. वकीलबाई मागं, अगदी सहज आल्यासारखी.

"टीव्ही लाव," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं मान तिरकी केली. "का?"

हे 'का' कुठून आलं? मी वकीलबाईकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. मी लेखणी खाली ठेवली, त्याला मांडीवर घेतलं आणि का ते सांगायला लागलो. त्याला पटलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.